मावश्या रविवारच्या वर्गाला का येत नाहीत?

घणसोलीहून एका गृहस्थांनी विचारलंय, ते थोडक्यात असं. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि सोसायटीतल्या आणखी चौघांनी क्लबहाउसमध्ये साक्षरता वर्ग सुरू केला. रविवारी सकाळी दहा ते बारा. सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या मावश्यांसाठी. पहिल्या रविवारी वीसेक जणी आल्या, महिनाभरात तिघी उरल्या. त्यांची मुलं मात्र वाढत गेली; आता तीसेक मुलं आणि नुसता कल्ला. विचारणं एवढंच, की कोणतं पुस्तक घ्यावं, किती महिन्यांत बाई साक्षर होते, मुलांना वेगळं बसवावं का, आणि शेवटी काही सर्टिफिकेट मिळतं का.

मी ठाणे-नवी मुंबईत कळवा, लोकमान्यनगर आणि तुर्भे स्टोअर या भागांत हेच काम करते. चारही प्रश्नांची उत्तरं देते, पण पुस्तकाचा प्रश्न तुमच्या यादीत पहिला आहे आणि माझ्या यादीत शेवटच्या काहींत. बायका पुस्तकामुळे गेलेल्या नाहीत. तुमच्याकडे एकाच खोलीत तीन वेगळी माणसं बसली आहेत: कधीच शाळेत न गेलेली बाई, दुसरी-तिसरीतून शाळा सुटलेली बाई, आणि शाळेत जाऊनही वाचता न येणारं पोर. तिघांना एकाच फळ्यावर शिकवायला गेलात, की सगळ्यात मोठा आवाज असलेला जिंकतो. तो अर्थात मुलांचा.

आधी वेळेचं बोलू. रविवारी सकाळी दहा वाजता तुमच्या सोसायटीत काय चाललेलं असतं? घरोघरी सगळी मंडळी घरात, नाश्त्याची भांडी दुप्पट, मटण शिजत असतं, पाहुणे यायचे असतात. मावशीचा आठवड्यातला सगळ्यात जड दिवस तो. बाकीच्यांना सुट्टी असते तेव्हाच तिला काम जास्त, हे आपण सोयीनं विसरतो. त्यातून वेळ उरला तर घरचे कपडे, पाणी भरणं, पोरांच्या डोक्याला तेल. पहिल्या रविवारी ती आली ती तुमच्या शब्दाखातर.

मग जागा. क्लबहाउसच्या गेटवर तिची नोंद होते, पिशवी बघितली जाते, आणि आत शिकवायला कोण, तर ती जिच्या घरची भांडी घासते त्या वहिनी. वहिनी कितीही प्रेमळ असू देत. ‘म’ला ‘भ’ म्हटलं तर उद्या ते स्वयंपाकघरात हसण्यावारी निघेल, ही भीती बाईला असते आणि ती खोटी नसते. मोठ्या माणसाला शिकताना चुकायची मोकळीक लागते. ती मालकिणीसमोर मिळत नाही.

म्हणून वर्ग त्यांच्या वस्तीत न्या. घणसोलीत कामाला येणाऱ्या बायका बहुधा रबाळे, तळवली, चिंचपाडा अशा भागांतून येत असतील. तिथं अंगणवाडीची खोली दुपारी रिकामी असते, समाजमंदिर असतं, गणपती मंडळाची शेड असते. कोणाची परवानगी घ्यायची ते वस्तीतल्या बायकाच सांगतील, आणि ती त्यांनीच घेतली तर जास्त चांगलं.

वेळ कोणती, हे मात्र परिस्थितीवर. घरकाम करणाऱ्यांना दुपारी अडीच ते चार बरं पडतं; सकाळची कामं संपलेली, संध्याकाळची सुरू व्हायची. नाक्यावर उभं राहून बिगारी काम करणाऱ्या बायकांना तीच वेळ अशक्य, त्यांना रात्री साडेआठनंतरच. तुर्भ्याकडच्या काही गल्ल्यांत पाण्याची वेळ बदलली की वर्गाची वेळ बदलते, त्याला इलाज नाही. येऊरच्या पाड्यांवर पावसाळ्यात लावणी सुरू झाली की कोणी फिरकत नाही. मे महिन्यात तर अर्धी वस्ती गावी, आणि त्यानंतर आपापल्या गावची जत्रा. हे सगळं आधीच धरून चाला, म्हणजे हजेरी पडली की जीव खाली-वर होत नाही.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी शाळा काढली ती रात्रीची होती. दिवसभर राबणारा माणूस दिवसा येणार नाही, इतका साधा हिशेब. आपल्याच ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याची आजीबाईंची शाळा तुम्ही ऐकली असेल. ८ मार्च २०१६ ला सुरू झाली. गुलाबी लुगड्यातल्या आज्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, पण फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे ती भरते त्यांच्याच गावात, दुपारी घरचं आवरल्यावर, आणि वर्गात सगळ्या एका वयाच्या. तिथं लाजायचं कोणापुढे?

आता किती महिने लागतात याचा हिशेब करू. राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ मध्ये सुरू झालं. त्या काळी मोठ्या माणसांना शिकवण्याची जी पद्धत ठरली तिच्यात तीन प्रवेशिका, म्हणजे वाचायला शिकायची सुरुवातीची पुस्तकं, आणि एकूण सुमारे २०० तास धरलेले होते. तो आकडा मला आजही बराचसा खरा वाटतो. तुमचा वर्ग आठवड्याला दोन तास. म्हणजे १०० रविवार, सुट्ट्या न धरता दोन वर्षं. त्यात एका रविवारापासून दुसऱ्यापर्यंत निम्मं विसरलेलं असतं, ते वेगळंच. तेच आठवड्यात तीन दिवस दीड-दीड तास केलंत तर साडेचार तास होतात, आणि गावी जाणं, सणवार, आजारपण धरून वर्षभरात काम होतं. दुसरी-तिसरीपर्यंत शिकलेली बाई याच्या निम्म्या वेळात वाचायला लागते. तिचं अक्षर गंजलेलं असतं, गेलेलं नसतं. म्हणून पहिल्याच दिवशी ‘कितवीपर्यंत?’ हे विचारून घ्या, पण सगळ्यांसमोर नाही. बाजूला बसवून, चहा देताना.

आणि साक्षर कशाला म्हणायचं? जनगणनेत सात वर्षांवरची व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून लिहू-वाचू शकत असेल तर ती साक्षर. निव्वळ सही येणं त्यात बसत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या स्त्रियांची साक्षरता ७५.८७ टक्के होती, म्हणजे चारातली साधारण एक बाई बाहेर. सही आली की आपण टाळ्या वाजवून मोकळे होतो. बाईलाही अंगठा सुटल्याचा आनंद फार मोठा असतो, तो जरूर होऊ द्या. पण तिथं वर्ग संपवू नका.

सुरुवात मात्र नावापासूनच करावी असं माझं ठाम मत आहे. ‘अ अननसाचा’पासून नको. पहिल्या दिवशी प्रत्येकीला तिचं नाव पुठ्ठ्यावर ठसठशीत लिहून द्या आणि त्यातलीच अक्षरं फोडा. नाव लता असेल तर ल, त आणि काना हाती आला. त्यातून लाल, ताल, तलाव जवळ येतात. ‘व’ शेजारच्या वनिताकडून उसना घ्यायचा. पाच-सहा जणींची नावं मिळून मराठीतली बरीच रोजची अक्षरं निघतात, आणि अक्षरं एकमेकींकडून घ्यायची म्हटल्यावर वर्गात हशा होतो, नावं पाठ होतात. काना आधी, मग दुसरी वेलांटी, मग एक मात्रा. पहिली वेलांटी थोडी थांबवा, कारण ती अक्षराच्या आधी लिहायची आणि म्हणायची नंतर. तिथं हात आणि तोंड भांडतात. घ-ध, भ-म, ब-व या जोड्या एकाच दिवशी कधीही शिकवू नका. जोडाक्षरं शेवटी. एखादीचं नाव लक्ष्मी असेल तर ते तिला आख्खं चित्र म्हणून ओळखू द्या, फोड नंतर.

बाराखडी म्हणूनच घ्यायची नाही का? घ्या, पण बायका वीसेक अक्षरांनी शब्द वाचायला लागल्यावर. तेव्हा ती त्यांना कामाची वाटते. आधी घेतली तर गाण्यासारखी पाठ होते आणि ‘की’ कुठं आहे विचारलं की ‘क, का, कि’ म्हणत बोट पुढं सरकतं.

यापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि नव्यानं वर्ग काढणारी मंडळी तिच्याकडे हमखास दुर्लक्ष करतात. डोळे. आमच्या कळव्याच्या वर्गात एक बाई होत्या, पंचेचाळिशीच्या पुढच्या. बोलायला चटपटीत, हिशेबाला पक्क्या, पण पाटीवर अक्षर काढायचं म्हटलं की हातभर लांब धरायच्या, मान मागं न्यायच्या, ट्यूबलाइटच्या खाली सरकायच्या. शिकवणाऱ्या मुलीला वाटायचं, यांना लक्षातच राहत नाही. मी शेजारी बसून विचारलं, ‘घरी सुईत दोरा कोण ओवतं?’ म्हणाल्या, ‘नात.’ ‘आणि तांदूळ कोण निवडतं?’ ‘तेही आता सूनच.’ पालिकेच्या दवाखान्यात डोळे तपासून जवळचा चष्मा आला. पाटी मांडीवर आली. त्या आठवड्यात ‘ट’ आणि ‘ठ’ यांतला फरक त्यांनीच दुसरीला दाखवला.

चाळिशी उलटली की जवळचं धूसर होणं स्वाभाविक आहे. आपण पेपर लांब धरायला लागतो, मग चष्मा करतो. जिला वाचायचंच नसतं तिला कळणारच कसं, की आपल्याला जवळचं दिसत नाही? ती स्वतःला मठ्ठ समजते. म्हणून पहिल्या आठवड्यात ‘सुईत दोरा कोण ओवतं’ हा प्रश्न चाळिशीपुढच्या प्रत्येकीला विचारा. रस्त्यावरचा तयार चष्मा लगेच घेऊन देऊ नका, आधी तपासणी. साखर किंवा मोतीबिंदू असेल तर तेही कळतं. तुमच्या सोसायटीत कोणी नेत्रतज्ज्ञ राहत असतील तर त्यांची एक दुपार मागा. दहा पुस्तकं दान करण्यापेक्षा ते दान मोठं. आणि जे काही छापाल ते जाड, मोठ्या टायपात, आणि वर्ग पिवळट उजेडात नको.

आकड्यांचं वेगळंच आहे. या बायका तोंडी हिशेबात तुमच्या-माझ्या पुढं असतात. चार घरांचे पगार, दोन खाडे, उचल वजा, भिशीचा हप्ता, सगळं डोक्यात. पण सत्तावन्न लिहायला सांगा, पुष्कळ जणी ७५ लिहितात. दोष त्यांचा नाही. मराठीत आपण आधी सात बोलतो मग पन्नास, आणि लिहितो मात्र आधी पाच. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास सात’ अशी वाचनाची जोड दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. भाषेचं काय व्हायचं ते होवो, पण मोठ्यांच्या वर्गात मी ती पद्धत बिनदिक्कत वापरते: पन्नासची नोट आणि वर सात रुपये ठेवायचे, आधी नोट लिहायची, मग सुटे. तोंडानं सत्तावन्नच म्हणायचं. एकोणसाठ, एकोणऐंशी हे आणखी फसवे, त्यांना वेळ द्या. आणि अंक दोन्ही शिकवा, मराठी आणि इंग्रजी. फोनवर, बँकेच्या मशीनवर बहुधा इंग्रजीच असतात.

लिहायला वही हवीच असं नाही. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. बहुतेकींच्या घरी असतंच, आणि खाडा झाला की त्या तारखेवर फुली मारायची सवयही असते. त्याच चौकटीत फुलीऐवजी कोणत्या घरी खाडा ते एका अक्षरानं लिहायचं, दूध किती, गॅस कधी आला ते लिहायचं. महिनाअखेरीस पगाराच्या वेळी तोच कागद वहिनींपुढं धरता येतो. एका बाईनं अशा कॅलेंडरवरून दोन दिवसांचा कापलेला पगार परत घेतला, त्यानंतर तिच्या गल्लीतल्या आणखी पाच जणी वर्गाला आल्या. मी त्यांना बोलवायला गेले नव्हते.

म्हणजे पुस्तकाच्याही आधी विचारायचा प्रश्न हा: तुला काय वाचता यायला हवंय? उत्तरं ठरलेली नसतात. कोणाला फोनमध्ये कोणाचा कॉल आहे ते, कोणाला मुलाच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय आलंय ते, कोणाला रेशनच्या पावतीवर किती किलो लिहिलंय ते. तुर्भ्यात एकीला फक्त बसची पाटी हवी होती, कारण चुकीच्या बसमध्ये बसून ती एकदा भलतीकडे उतरली होती. पहिल्या महिन्यात त्यातली एक तरी गोष्ट तिच्या हाती लागली पाहिजे.

इथपर्यंतचं एका दमात: वर्ग वस्तीत, आठवड्यात तीनदा, त्यांच्या फुरसतीला, पहिल्या आठवड्यात नावं, डोळे आणि ‘काय वाचायचंय’, मग अक्षरं.

आता मुलं. त्यांना वेगळं बसवा, निःसंशय. आणि ते शाळेत जात असतील तर त्यांचा गृहपाठ घेऊ नका. गृहपाठाचा क्लास झाला की मुलं उत्तरं उतरवतात, तुम्ही तपासता, दोन्ही बाजू खूश, आणि पाचवीतलं पोर तसंच अडखळत राहतं. त्याऐवजी प्रत्येकाला एकटं बसवून पाच मिनिटं तपासा. अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. कुठपर्यंत सहज येतं ती त्याची पातळी. ही तपासणी मुलांना वाचता येतं का हे घरोघरी जाऊन बघणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात २००५ पासून वापरली जाते, आणि तिच्यामागची ‘प्रथम’ ही संस्था गेल्या शतकाच्या नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतूनच उभी राहिली. मग इयत्ता विसरून पातळीप्रमाणं गट करा. सहावीतला मुलगा तिसरीतल्या मुलीबरोबर ‘शब्द’ गटात बसेल. त्याला राग येईल, पहिले दोन दिवस. गटाला ‘शब्द’ न म्हणता काहीतरी भारी नाव द्या, मुलंच ठेवतील.

मुलांना रोज एक तास, दोन महिने, असं सलग मिळालं तर फरक दिसतो. रविवारच्या दोन तासांनी दिसत नाही. रोज मोठ्यानं वाचून दाखवायचं, त्यांनी बोट ठेवत वाचायचं, शब्दांचे खेळ, थोडं लिहिणं. केंद्र सरकारची निपुण भारत मोहीम २०२१ पासून तिसरीपर्यंत वाचता आलं पाहिजे असं म्हणते; ज्यांची तिसरी कधीच उलटून गेली त्यांचं तुम्हा-आम्हालाच बघावं लागतं.

भाषेचा गुंता इथं मोठा आहे. दिघा-तुर्भ्याकडे घरात बंजाऱ्यांची गोरमाटी, वडारी, कन्नड, भोजपुरी, शाळेत मराठी किंवा हिंदी, आणि शेजारचं पोर गल्लीतल्या इंग्रजी शाळेत. सगळ्यांना लागू पडणारा नियम माझ्याकडे नाही. मराठी बोलतं त्याला मराठीतून, हे सोपं. इंग्रजी शाळेतल्या मुलालाही मी आधी त्याच्या बोलीच्या जवळच्या भाषेत वाचायला लावते, कारण वाचलेल्याचा अर्थ लागतो ही खात्री एकदा पटली की पुढं इंग्रजीला जोर येतो. आईबापांना हे पटवणं कठीण जातं. त्यांना ‘ए फॉर अ‍ॅपल’ ऐकायचं असतं, तेही दहा मिनिटं देऊन टाका. गोष्ट मात्र घरच्या भाषेत सांगायला कधीही अडवू नका.

तुमच्या तीस मुलांत कोणी शाळेतच जात नाही असं निघेल. त्याच्यासाठी तुमचा वर्ग शाळेच्या जागी उभा करू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाप्रमाणं वर्गात प्रवेश मिळतो, आणि जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कागद घेऊन आईबरोबर शाळेत तुम्ही स्वतः जा. बँकेतल्या माणसाला फॉर्म आणि खिडकी यांची भीती नसते, आईला असते. अगदीच रस्त्यावरच्या मुलांसाठी वेगळं काही लागतं. ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखालची सिग्नल शाळा २०१६ पासून त्याच गरजेतून चालते. पण ते पूर्णवेळचं काम आहे, स्वयंसेवकांनी हौसेनं हात घालायचं नाही.

मग आई आणि मूल एकत्र कधीच नाहीत का? आठवड्यातून एकदा, पाऊण तास. पण शिकवायला नाही. त्या वेळी आई गावाकडची एखादी गोष्ट सांगते, साप निघाला होता, विहिरीत बादली पडली होती, काहीही. शिकवणारी ताई ती आईच्याच शब्दांत मोठ्या कागदावर लिहिते, ‘व्हता’ म्हणाली तर ‘व्हता’. पुढच्या वेळी तोच कागद दोघांच्याही वाचनाचा. आपली गोष्ट आपल्याच शब्दांत कागदावर बघितली की बाई कागद घरी मागून नेते. मुलानं आईला शिकवावं की नाही यावर दोन मतं आहेत. घरातली शिकणारी मुलं स्वयंसेवक होऊ शकतात असं सरकारी कार्यक्रमही म्हणतो, आणि काही घरांत ते छान जमतं. मी आधी आईला एकटीला विचारते. बाराएक वर्षांचा मुलगा चुका काढताना आवाज चढवतो, आणि मग आई पाटी खाली ठेवते ती ठेवतेच.

न वाचता येणारी आईसुद्धा मुलाच्या वाचनाला मदत करू शकते, हे त्यांना मुद्दाम सांगा. रोज दहा मिनिटं शेजारी बसायचं, ‘आज काय वाचलंस, मला सांग’ म्हणायचं. राज्यात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या मोहिमेत मातागटांवर भर दिला गेला तो यासाठीच. बापांना कोणी विचारत नाही. माथाडी, नाका कामगार, वॉचमन. ते ‘साक्षरता’ नाव काढलं की येत नाहीत. लर्निंग लायसन्सच्या संगणकावरच्या परीक्षेची तयारी म्हटलं की येतात. मग तसंच म्हणा.

सर्टिफिकेट मिळतं. ‘उल्लास’ म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ साठी आहे, पंधरा वर्षांवरच्या असाक्षरांसाठी, आणि तो स्वयंसेवकांवरच चालतो. जवळच्या पालिका शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा, शिकणाऱ्यांची आणि तुमची नोंद होते. शेवटी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशी प्रत्येकी ५० गुणांची, एकूण १५० गुणांची चाचणी. आपल्या राज्यात १७ मार्च २०२४ ला ती घेतली गेली. पैसे पडत नाहीत, प्रवेशिकाही मिळते. पुस्तकाचं तुमचं उत्तर हेच: ती घ्या, जोडीला नावांचे पुठ्ठे आणि गोष्टींचे कागद. काही जणींना पुढं जायचं असतं. त्यांना राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवी आहे, नंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी. हे आधी सांगून घाबरवू नका, पण विचारणारी निघाली तर तयार असा.

वर्ग संपल्यावर वाचायला काही नसेल तर सहा महिन्यांत अक्षर परत गंजतं. म्हणून एक पेटी ठेवा. ‘किशोर’चे जुने अंक १९७१ पासूनचे बालभारतीनं मोफत खुले केलेत, ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी छापून घ्यायला मोकळ्या आहेत. आणि वस्तीत एक फळा: उद्या पाणी किती वाजता, रेशन आलं का, लसीकरण कधी. तो फळा रोज कोणीतरी नवसाक्षर बाईनंच लिहायचा. वाचक मिळतातच, कारण पाण्याची वेळ आहे.

शिकवायला कोण, हा खरा खर्चाचा मुद्दा. कॉलेजची मुलं डिसेंबरात उत्साहानं येतात आणि परीक्षा आली की गायब होतात, त्यांचाही दोष नाही. त्यापेक्षा वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी किंवा सून शोधा आणि तिला दरमहा मानधन द्या, वेळच्या वेळी. ती भाषा जाणते, कोण रुसलंय, कोणाकडे बाळंतपण आहे हे तिला माहीत असतं. तुम्ही पाच जणांनी मानधन उभं करायचं, डोळ्यांची तपासणी, शाळेतली नोंदणी, छपाई, बँकेची कामं बघायची. आणि सही करणाऱ्या मावशीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा नाही. तिनं स्वतः टाकला तर गोष्ट वेगळी.

सोसायटीकडून एकच गोष्ट मागा: मंगळवार, गुरुवार, शनिवार अडीच ते चार या वेळात मावशीला कोणी बोलावणार नाही, आणि त्यापायी पैसे कापणार नाही. सभेत हे मंजूर करून घेणं पुस्तकांसाठी वर्गणी जमवण्यापेक्षा अवघड जाईल, माझा अनुभव तरी तसाच आहे. रविवारची क्लबहाउसची वेळ मुलांच्या वाचनालयाला चालू राहू द्या, बंद करायचं कारण नाही.

ज्या तिघी उरल्यात त्यांच्यापासूनच सुरुवात करा. त्यांच्या वस्तीत एक दुपार जाऊन बसा आणि तिथल्या पाण्याची वेळ, रिकामी खोली कोणती, आणि गेलेल्या बायकांपैकी किती जणी आधी शाळेत गेल्या होत्या, एवढं विचारून इथंच कळवा. त्यावरून गट किती करायचे आणि मानधनाला साधारण किती लागेल ते सांगते.